दुसरं फूल

"ह्या खेपेला कुणी दिलं, तेवढं सांगा, बाबा."

संभाजी आबांनी मठाच्या ओट्याला टेकता टेकताच विचारलं. फेटा उतरवला नाही, पाण्याला हात लावला नाही.

खेमगीर बाबा धुनीपाशी बसले होते. त्यांनी नजर वर केली.

त्यांच्या डाव्या अंगाला त्यांचा चेला रतनगीर उभा होता. प्रश्न बाबांना होता, पण घाम रतनगीरला फुटला.

मागल्या खेपेला ह्याच प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलं होतं.

बालाघाटाच्या डोंगरातला हा गोसाव्यांचा मठ. एक समाधी, एक धुनी, चार खोल्या आणि भोवती कण्हेरीची झाडं. मठ लहान, पण त्याच्या कौलाचा बोलबाला मोठा. समाधीच्या दगडाला ओली फुलं चिकटवायची, मनातलं विचारायचं आणि आधी कुठलं पडतं ते बघत बसायचं. बैल हरवला, बांधावरून डोकी फुटली, सोयरीक अडली, की लोक डोंगर चढून यायचे.

बाबांना कौलाची फार हौस नव्हती. कुणी फारच धरून बसलं तर लावायचे, आणि वर म्हणायचे, "फुलाला काय, पडायचंच असतं."

मग बाबा नर्मदेच्या परिक्रमेला गेले. मठ रतनगीरच्या हाती आला.

रतनगीर नांदेडच्या कॉलेजात सायन्स शिकून आलेला. पोथीही पाठ, पेशीही पाठ. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण हा दोन्ही घरी जेवून ढेकर देत असे. गावात म्हणायचे, थोरले बाबा चांगले आहेत, पण धाकटे महाराज शिकलेले आहेत. ते ऐकून रतनगीर मान खाली घालायचा आणि आतून फुलायचा.

त्याच दिवसांत संभाजी आबांच्या घरी दुखणं आलं.

आबांच्या दोन नाती, जुळ्या. थोरली कस्तुरा, धाकटी केशरा. एका साच्यातल्या. पाच वर्षांच्या झाल्या तरी आजी हाक मारताना चुकायची. कस्तुराला ताप धरला, अंगावर काळेनिळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. शहरातल्या दवाखान्यात सांगितलं, रक्ताचा कर्करोग आहे. बरा होतो, पण औषध दोन-अडीच वर्षं चालेल, मध्ये सोडायचं नाही.

दवाखान्यात धाकटीचंही रक्त बघितलं. आणि जे निघालं, ते घेऊन आबा मठात आले. तेव्हा रतनगीरनं कौल लावला होता.

आता आबा परत आले होते, आणि बाबाही परिक्रमेहून परतले होते. खाली जीप उभी होती. ओट्याच्या कडेला सून अयोध्या बसली होती, मांडीवर गोधडीत गुंडाळलेली कस्तुरा. केशरा लांब, कण्हेरीच्या झाडाखाली उभी. तिला कुणी जवळ बोलावलं नव्हतं आणि तीही आपणहून येत नव्हती.

"कुणी काय दिलं?" बाबांनी विचारलं.

"रोग हो. उलटलाय परत. मागल्या खेपेला धाकटीनं दिला होता, ते कौलात निघालं. तिला बाजूला केली. आता तर ती थोरलीच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. मग आता कुणी दिला?"

बाबांनी रतनगीरकडे पाहिलं. रागावून नव्हे. बाबा रागावत नसत, आणि तेच रतनगीरला सोसत नसे.

"लेकी," बाबा अयोध्येला म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी तुला काय सांगितलं होतं?"

"तिला काय कळतंय," आबा म्हणाले. "माहेरी जोडकेळं खाऊन आली, तिथनंच सुरू झालं हे सगळं."

"आबा, तुमच्या शेळीला दर खेपेला दोन होतात. ती कुठली केळी खाते?"

अयोध्येनं पदर नीट केला.

"बाई म्हणाल्या, रक्ताच्या कणात बारीक बारीक काड्या असतात. गुणसूत्रं म्हणायच्या त्यांना. त्यातल्या दोन काड्यांची टोकं तुटली, आणि सांधताना अदलाबदल झाली. हिचं टोक तिला, तिचं हिला. एकाच कणात. तिथनं तो कण बिघडला, आणि त्याचे पुढं लाखो झाले."

"तुझ्याकडून आलं का ते?"

"नाही. माझं बघितलं, ह्यांचंही बघितलं. आमच्यात तसलं काही नाही. लेकरं पोटात असताना झालं म्हणाल्या. पोटात दोघींची वार एकच होती, बाबा. हिचं रक्त तिच्यात, तिचं हिच्यात. एकीत मोडलं आणि वारेतून दुसरीत गेलं. दोघींच्या रक्तात एकाच जागी, अगदी तसाच मोड निघाला. वेगवेगळ्या दोन लेकरांत असा जुळून येतच नाही म्हणाल्या. देशोदेशीच्या जुळ्यांची रक्तं बघून बघूनच हे कळलं म्हणे."

"मग धाकटी कशी धडधाकट?"

"नुसत्या मोडानं रोग होत नाही, बाबा. जन्मल्यावर आणखी एक घाव बसावा लागतो. थोरलीला बसला. धाकटीला बसेल, नाहीतर जन्मात बसणार नाही. अशा जुळ्यांत दहातल्या एखादीलाच बसतो म्हणायच्या. कितीतरी लेकरं असला मोड घेऊन येतात, आणि म्हातारी होऊन मरतात. त्यांना पत्ताही लागत नाही."

"आणि कुणाकडून कुणाला गेलं?"

"विचारलं होतं मी. त्या म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येत नाही. आणि सांगता आलं तरी…"

तिनं वाक्य सोडून दिलं. मांडीवरची पोर कण्हली.

रतनगीरला राहवलं नाही. इतका वेळ दुसरं कुणी बोलतंय आणि आपण ऐकतोय, ही सवय त्याची मोडली होती.

"तेच मी कौलाच्या दिवशी ओट्यावर सांगितलं होतं, बाबा. एकीकडून दुसरीकडे गेलं, हे विज्ञानच म्हणतं. म्हणजे देणारी एक, घेणारी एक. कोणती, ते विज्ञानाला सांगता येत नाही. तिथं कौल लागतो. मी दोन फुलं लावली. उजवं थोरलीचं, डावं धाकटीचं. डावं पडलं."

"चांगलं केलंस," बाबा म्हणाले. "पुढं?"

पुढचं आबांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाजही चढला, कारण आपण घराचं भलं केलं, असंच त्यांना वाटत होतं.

केशराचं ताट वेगळं केलं. अंथरूण गोठ्याकडच्या खोलीत टाकलं. बहिणीला शिवायचं नाही, तिच्या खेळण्यांना हात लावायचा नाही. गावातल्या बायकाही तिचं नाव अपशकुनी म्हणून टाळू लागल्या. आणि काय नवल, महिनाभरात दवाखान्यातून निरोप आला, कस्तुराच्या रक्तात रोग दिसत नाही. पोर हसायला लागली. केस परत उगवले.

"मूळच उपटलं म्हटल्यावर सुया कशाला टोचायच्या? आणली घरी. डॉक्टरीणबाई फोन करून करून थकल्या. औषध सोडू नका, दिसत नाही म्हणजे गेला असं नाही, म्हणायच्या. आता त्यांना काय, त्यांचा धंदा. तरी मी महाराजांना विचारलं होतं बरं का. इथंच, ह्या ओट्यावर."

"महाराज काय म्हणाले?"

आबांनी जरा आठवून पाहिलं. "महाराज… हसले."

रतनगीरला तो दिवस लख्ख आठवला. ओटा माणसांनी भरला होता. कस्तुरा नव्या फ्रॉकमध्ये नारळ घेऊन आली होती. बायका त्याच्या पाया पडत होत्या. औषध चालू ठेवावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. कॉलेजातलं सगळं काही तो विसरला नव्हता. जिभेवर आलंही होतं. पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, डॉक्टरला जमलं नाही ते महाराजांनी केलं.

आणि तो हसला.

धुनीतलं लाकूड खाली सरकलं. बाबांनी ते चिमट्यानं सारखं केलं.

"रतन."

"जी, बाबा."

"दुसरं फूल कधी पडलं?"

रतनगीरनं समाधीकडे पाहिलं.

"दोन लावली होतीस. डावं पडलं. उजवं कधी पडलं?"

"…त्याच दिवशी. दिवेलागणीला."

"कुणाला सांगितलंस?"

"लोक गेले होते, बाबा. कौल झाला होता. आधी पडेल तेच धरायचं असतं."

"मग त्या फुलाचं काय केलंस?"

"…निर्माल्यात टाकलं."

अयोध्येनं पहिल्यांदाच रतनगीरकडे सरळ पाहिलं. रडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, बाजारात फसवून गेलेल्या माणसाकडे दुसऱ्या बाजारात बघावं तशी.

आबांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. ते हिशेब जुळवत होते.

"म्हणजे दोन्ही पडली होती?"

"दोन्ही," बाबा म्हणाले.

"म्हणजे थोरलीनंही दिलं?"

अयोध्येनं गोधडी जवळ ओढली.

"तसंच असेल," आबा स्वतःशीच म्हणाले. "आधी हिनं तिला दिलं, मग तिनं हिला. म्हणूनच उलटलं."

रतनगीरनं डोळे मिटले. खरं सांगितलं की खोटं पुसलं जातं, असं त्याला वाटत होतं. इथं खरं नुसतं कूस बदलून दुसऱ्या पोरीच्या अंगावर जाऊन पडलं होतं.

"आबा," बाबा म्हणाले, "पोरीला दवाखान्यात कधी नेताय?"

"कौल मिळाल्याशिवाय नेणार नाही. ही म्हणतेय, आजच्या आज न्या. डॉक्टरीणबाई म्हणायल्यात, आता पहिल्यासारखी खात्री नाही, पण आज आणली तर धरता येईल. पण मूळ घरातच ठेवून सुया टोचून काय उपेग? आधी कुणी दिलं ते निघू द्या. मग बघू."

"मामंजी, पाया पडते तुमच्या…"

"तू गप."

कस्तुराच्या नाकातून रक्ताची बारीक रेघ आली. अयोध्येनं ती पदरानं टिपली आणि पदर मुठीत लपवला.

बाबांनी मांडी मोडली. गुडघ्यावर हात दाबून उठले.

"रतन, दोन फुलं आण. ओली करून."

रतनगीरच्या जिवात जीव आला. बाबा कौल लावतायत, म्हणजे कौल खोटा नव्हता. चूक झाली असेल, ती आपल्या हातून, बोलण्यातून. कौलातून नव्हे. तो लगबगीनं गेला, कण्हेरीची दोन ताजी फुलं तोडली. केशरा त्याच झाडाखाली होती. तो जवळ येताच ती चार पावलं मागं सरली. कुणाच्या जवळ किती उभं राहायचं, हे ती शिकली होती.

बाबांनी फुलं समाधीच्या दगडाला लावली. एक उजवीकडे, एक डावीकडे.

"आबा, प्रश्न मी घालतो. चालेल?"

"तुमच्याहून मोठं कोण, बाबा?"

"उजवं पडलं तर दोन्ही पोरी आत्ता दवाखान्यात जातील. एका गाडीत, एकमेकींजवळ. डॉक्टरीणबाई बास म्हणतील तोवर औषध चालेल. डावं पडलं तर तुमच्या मनासारखं."

आबांनी हात जोडले. "कबूल."

सगळे समाधीकडे तोंड करून बसले.

फुलं दगडाला घट्ट चिकटली होती. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं.

…

खाली जीपवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला आणि गप्प बसला.

…

अयोध्येचे ओठ हलत होते. रतनगीरही मनात जप करत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो फुलाकडे भिऊन बघत होता. डावं पडलं तर?

बाबांनी हात पुढं केला. सगळ्यांच्या देखत, मुंगी झटकावी तसं, उजवं फूल बोटानं उडवलं.

फूल पायरीवर पडलं.

"पडलं," बाबा म्हणाले. "उठा."

आबांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"बाबा… तुम्ही हातानं पाडलं."

"हो."

"हा कौल नव्हे."

"मागल्या खेपेला वाऱ्यानं पाडलं, ते तुम्ही मानलंत. त्याच्यापायी नात गोठ्यात निजवलीत. त्या वाऱ्याचं नावगाव विचारलं होतं का?"

आबा सगळ्यांसमोर कबूल म्हणून बसले होते, आणि खेमगीर बाबांना दिलेलं वचन मोडून डोंगर उतरायची छाती त्यांना नव्हती. ते उठले. फेटा सारखा केला.

"नेतो. पण पोरीचं बरंवाईट झालं तर…"

"माझ्या बोटाला नाव ठेवा," बाबा म्हणाले. "पोरीला नको."

आबा पायऱ्या उतरू लागले.

अयोध्येनं कस्तुराला खांद्यावर घेतलं. "केशरा, चल."

केशरा जागची हलली नाही. आईकडे बघितलं, मग आजोबांच्या पाठीकडे. शेवटी ती रतनगीरकडे वळली. तिच्या लेखी हुकूम त्याचाच होता, आणि उठवायचा तर त्यानंच उठवायचा होता.

"महाराज, मी शिवू तिला?"

आवाज इतका बारीक, की शेळीच्या गळ्यातली घंटी असती तर तिच्याखाली दबून गेला असता.

रतनगीरला पोथीतलं आठवेना, कॉलेजातलं आठवेना.

"शिव," तो म्हणाला.

ती धावली नाही. हळू आली. गोधडीतून बाहेर लोंबणारं बहिणीचं पाऊल तिनं आधी एका बोटानं चाचपलं, भाकरी गरम आहे का बघतात तसं. कस्तुरानं डोळे उघडले.

"कुठं होतीस ग?"

"गोठ्याकडं."

"मला न घेता?"

केशरा ते पाऊल धरूनच पायऱ्या उतरली. खाली जीपमध्ये आबा पुढं बसले, मागं वळून न बघता. गाडी सुरू झाली, आणि वळणाआड गेली तरी तिचा आवाज बराच वेळ डोंगरात घुमत राहिला.

मठात दोघेच उरले.

डावं फूल अजून दगडाला चिकटून होतं. रतनगीर ते काढायला गेला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "त्याचं त्याला पडू दे."

रतनगीर तिथंच पायरीवर बसला. एरवी तो गुरूसमोर असा पाय सोडून बसत नसे.

"बाबा… पोर जगेल का?"

"डॉक्टरीणबाईंना विचार. मी गोसावी आहे."

"जगली तर?"

"तर लोक म्हणतील, खेमगीरच्या बोटाचा गुण. उद्यापासून बोट बघायला येतील."

"आणि… गेली तर?"

बाबांनी चिमटा धुनीच्या कडेला ठेवला.

"तर म्हणतील, धाकटीला एका गाडीत बसवली, म्हणून गेली."

रतनगीरला हे माहीत होतं. तरी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं.

"आणि धाकटी?" त्यानं विचारलं. "तिच्यातही तो मोड आहे. उद्या तिलाही…"

"डॉक्टरीणबाई बघतील. तपासत राहतील. त्यांच्या हातात ते तरी आहे. तुझ्या हातात होतं ते तू निर्माल्यात टाकलंस."

ऊन समाधीवरून सरकून ओट्यावर आलं.

"मला काही तरी सांगा, बाबा. उपास सांगा. पायी काशी सांगा. मौन सांगा."

"मौन तू पाळलंयस की एकदा. भरल्या ओट्यावर."

रतनगीरनं मान खाली घातली. ह्या खेपेला आतून काही फुललं नाही.

"मग मी गावात जातो," तो म्हणाला. "घरोघर जाऊन सांगतो, धाकटीनं काही दिलं नव्हतं. देणारं कुणी नव्हतंच. आईच्या पोटात दोघी एकाच वारेवर होत्या, एवढाच त्यांचा अपराध. मी खोटं बोललो, हे चावडीवर उभा राहून सांगतो."

"जा."

"ऐकतील का?"

"ऐकतील. शिकलेला आहेस. चांगलं बोलतोस."

"मानतील?"

बाबांनी धुनीत एक काटकी सरकवली.

रतनगीर उठला. झोळी घेतली, चपला घातल्या. पायऱ्यांपाशी जाऊन थांबला.

"किती दिवस सांगत राहू, बाबा?"

बाबांनी धुनीतली राख चिमटीत घेतली, बोटांवर चोळली.

"गावात कुणी आपल्या पोरीचं नाव केशरा ठेवेल, तोवर."